मॉड्यूलचं मॅन्युअल कसं लिहावं: व्हीसीव्ही रॅकसाठी मॉड्यूलं बनवणाऱ्यांना सविस्तर मार्गदर्शन

साध्या सॉफ्टवेअरचं मॅन्युअल लिहिणाऱ्याला एक मोठी सोय असते. वापरणारा कुठून निघणार आणि कुठे पोचणार, हे त्याला आधीच ठाऊक असतं. फाइल उघडा, माहिती भरा, छापा, झालं. मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये, म्हणजे सुटी मॉड्यूलं केबलांनी हवी तशी जोडून आवाज घडवणाऱ्या वाद्यात, ही सोय नाही. तुमच्या मॉड्यूलशेजारी कोणाचं मॉड्यूल बसेल, तुमच्या इनपुटमध्ये ऑडिओ येईल की क्लॉक (लयीचे ठोके देणारा सिग्नल) येईल, की कुणी नुसती गंमत म्हणून त्यात नॉइज सोडेल, यातलं काहीच तुमच्या हातात नसतं. वाट वापरणारा स्वतः काढतो. म्हणून इथल्या मॅन्युअलचं काम वेगळं आहे. प्रत्येक जॅकच्या (केबल खुपसायच्या भोकाच्या) तोंडाशी काय आत घेतलं जातं, काय बाहेर पडतं आणि केव्हा, एवढं त्याने पक्कं सांगायला हवं. नॉब कशाचा आहे ते पॅनेलवर लिहिलेलंच असतं. तेच वाक्यात लिहून पानं भरणारी मॅन्युअलं खूप आहेत आणि त्यांचा उपयोग जवळपास शून्य आहे.

हा लेख व्हीसीव्ही रॅक समोर ठेवून लिहिलाय. अँड्र्यू बेल्ट यांनी २०१७ मध्ये आणलेलं हे सॉफ्टवेअर युरोरॅक या हार्डवेअर पद्धतीची मॉड्यूलं संगणकाच्या पडद्यावर मांडतं. त्याची मूळ आवृत्ती मोफत आणि ओपन सोर्स आहे. सी प्लस प्लस येणारा कुणीही त्यासाठी मॉड्यूल लिहू शकतो. त्यामुळे मॉड्यूल बनवणारा आणि त्याचं मॅन्युअल लिहिणारा बहुधा एकच माणूस असतो, आणि मॅन्युअलची पाळी येईपर्यंत तो दमलेला असतो. रिॲक्टर, व्होल्टेज मॉड्युलर किंवा बिटविगच्या ग्रिडसाठी काही बनवत असाल तरी खालचं बहुतेक सगळं लागू पडेल. आकडे मात्र तिथले तपासून घ्या.

उदाहरणाला एक साधं मॉड्यूल घेऊ: क्लॉक डिव्हायडर. क्लॉक आत येतो, रीसेट (मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करणारा सिग्नल) आत येतो, आणि तोच क्लॉक २, ३, ४ आणि ८ ने भागून चार आउटपुटांवर मिळतो. पाचव्या आउटपुटाचा भाजक एका नॉबने आणि सीव्ही (नियंत्रणाचं व्होल्टेज) इनपुटाने १ ते १६ यांत कुठेही ठेवता येतो. दिसायला बाळबोध. तरी याच्याबद्दल विचारण्यासारखे डझनभर प्रश्न निघतात, आणि ते सगळे जॅकपाशीच निघतात.

पायरी १: लिहायला बसण्याआधी मोजा

कोड आपणच लिहिलाय म्हणून आठवणीतून लिहू नका. रॅक उघडा, मॉड्यूल मांडा, शेजारी स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं मॉड्यूल) ठेवा. रॅकच्या दुसऱ्या आवृत्तीत जॅकवर कर्सर नेला की टूलटिपमध्ये चालू व्होल्टेजही दिसतं, त्यामुळे स्थिर व्होल्टेज वाचायला स्कोपचीही गरज नाही. मग कागदावर एकेक जॅक घ्या. प्रत्येक इनपुटाला हे विचारा:

– कोणत्या मर्यादेतलं व्होल्टेज अपेक्षित आहे? त्याबाहेरचं आलं तर ते कापलं जातं, की तसंच पुढे जातं?
– काहीच जोडलं नाही तर मॉड्यूल काय धरून चालतं? शून्य व्होल्ट, की आतून आणलेला दुसरा सिग्नल?
– ट्रिगर (क्षणभराचा ठोका) असेल तर तो कितव्या व्होल्टला लागतो, आणि पुढच्या ट्रिगरसाठी किती खाली यावं लागतं?
– पॉलिफोनिक (एकाच वेळी अनेक सिग्नल नेणारी) केबल जोडली तर काय होतं?
– याच गोष्टीचा नॉबही असेल तर दोघांचं नातं काय? बेरीज होते, गुणाकार होतो, की केबल लागली की नॉब बाजूला पडतो?

आउटपुटाला प्रश्न थोडे कमी. स्वस्थ असताना किती व्होल्ट, काम करताना किती ते किती, गेट (चालू-बंद सांगणारं व्होल्टेज) असेल तर किती वेळ वर राहतं, आणि रीसेट आला की लगेच काय होतं.

या कामाला वेळ लागतो आणि ते कंटाळवाणं आहे. पण एक फायदा हमखास होतो: मोजता मोजता दोन-तीन बग सापडतात. ‘८ ने भागलेलं आउटपुट रीसेटनंतर एक ठोका उशिरा येतं’ हे वाक्य मॅन्युअलमध्ये लिहायची लाज वाटली, की माणूस कोड दुरुस्त करतो.

पायरी २: व्होल्टेज आकड्यांत लिहा

‘बायपोलर सीव्ही स्वीकारतं’ म्हणजे उणे आणि अधिक दोन्ही बाजूंचं, ही अर्धी माहिती झाली. पाच व्होल्टचं की दहाचं? व्हीसीव्हीने आपल्या मॅन्युअलमध्ये व्होल्टेजचे संकेत नोंदवून ठेवलेत, ते आधी वाचा. ऑडिओ साधारण उणे ५ ते अधिक ५ व्होल्ट. मॉड्युलेशनचं सीव्ही एकतर ० ते १०, नाहीतर उणे ५ ते अधिक ५. गेट आणि ट्रिगर १० व्होल्टचे, आणि ट्रिगरची लांबी १ मिलिसेकंद. ट्रिगर ओळखण्यासाठी वरची पायरी १ ते २ व्होल्टच्या आसपास आणि खालची सुमारे ०.१ व्होल्ट ठेवावी, म्हणजे किंचित थरथरणाऱ्या सिग्नलने दोनदा ठोका पडत नाही. स्वरासाठी दर सप्तकाला १ व्होल्ट. ० व्होल्ट म्हणजे मधला सी, २६१.६२५६ हर्ट्झ. एलएफओ (संथ लहरी देणारं मॉड्यूल) आणि क्लॉकसाठी मात्र ० व्होल्ट म्हणजे २ हर्ट्झ, अर्थात मिनिटाला १२० ठोके.

तुमचं मॉड्यूल हे संकेत पाळत असेल तर एका ओळीत तसं सांगा आणि पुढे चला. ज्या जॅकवर ते मोडतं, तिथे ठळक लिहा. तुमच्या रँडम मॉड्यूलचं आउटपुट ० ते ५ व्होल्टच असेल, तर ते ० ते १० समजून कुणी फिल्टरला जोडेल आणि कटऑफ अर्ध्यावरच का थांबतो म्हणून तासभर फिल्टरला दोष देत बसेल. मॉड्युलरमध्ये चूक एका मॉड्यूलची असते आणि दिसते भलत्याच मॉड्यूलवर. आकडा छापलेला असेल तर शोध एका मिनिटात संपतो.

गेटच्या लांबीबद्दल विशेष काळजी घ्या. १२० च्या लयीला दर ठोक्याचा क्लॉक म्हणजे ५०० मिलिसेकंदांचं आवर्तन. त्यात गेट निम्मा वेळ, २५० मिलिसेकंद, वर असतं. तो क्लॉक ४ ने भागला. आता बाहेर पडणारं गेट मूळ ठोक्याइतकंच २५० मिलिसेकंदांचं असेल, की नव्या आवर्तनाच्या निम्मं म्हणजे पूर्ण १ सेकंदाचं? की १ मिलिसेकंदाचा नुसता ट्रिगर? तिन्ही पद्धती बरोबर आहेत. पण एडीएसआरला (स्वराच्या चढउताराचा आकार, म्हणजे एन्व्हलोप, देणाऱ्या मॉड्यूलला) जोडल्यावर पहिल्या दोन पद्धतींत स्वर वेगवेगळा वेळ टिकतो, आणि तिसरीत अटॅक (वर चढायचा वेळ) जरा लांब ठेवलेला असेल तर एन्व्हलोप वर चढायच्या आतच गेट संपतं आणि ऐकूच काही येत नाही. ‘मॉड्यूल चालत नाही’ अशी तक्रार येते ती इथून.

पायरी ३: ‘केव्हा’ हे सांगा

व्होल्टेज लिहिणारे तरी थोडेफार भेटतात. वेळेबद्दल लिहिणारे फार विरळा, आणि खरी गुंतागुंत तिथेच आहे.

४ ने भागणारं आउटपुट. क्लॉकचे ठोके येताहेत: एक, दोन, तीन, चार, एक, दोन… आउटपुट पहिल्या ठोक्याला वाजेल की चौथ्या? ज्याने तबल्याचा ठेका ऐकलाय त्याला हा प्रश्न लगेच कळेल: सम आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर असते, आवर्तन संपल्यावर नाही. मात्र मोजणी शून्यापासून चढवत नेऊन चार झाले की ठोका देणारा कोड लिहायला जास्त सोपा असतो, त्यामुळे चौथ्यावर वाजणारी डिव्हायडरंही आहेत. तुमचं कोणत्या प्रकारचं आहे ते वाक्यात लिहाच, आणि शिवाय काढून दाखवा. वरच्या ओळीत क्लॉकचे आठ ठोके, खाली प्रत्येक आउटपुटाची एक ओळ, मधेच एका जागी रीसेट. हे एक चित्र तीन परिच्छेदांचं काम करतं.

आता रीसेट. रीसेट आल्याबरोबर आउटपुट वाजतं, की फक्त मोजणी मागे जाते आणि पुढच्या क्लॉकला वाजतं? रीसेट आणि क्लॉक एकाच क्षणी आले तर? इथे रॅकची एक अंतर्गत गोष्ट आडवी येते. रॅकमध्ये प्रत्येक केबलमुळे सिग्नलला एका सँपलचा उशीर होतो. ४८ किलोहर्ट्झला तो जेमतेम ०.०२ मिलिसेकंद असतो, कानाला कळण्याचा प्रश्नच नाही. पण क्लॉक थेट आला आणि रीसेट आणखी दोन मॉड्यूलांतून फिरून आला, तर क्लॉक आधी मोजला जातो, मग रीसेट होतो, आणि सिक्वेन्सर (पायरीपायरीने स्वर वाजवणारं मॉड्यूल) एक पायरी पुढे जाऊन मग मागे येतो. उलट क्रमाने आले तर रीसेटनंतर लगेच क्लॉक मोजला जाऊन सिक्वेन्सर दुसऱ्याच पायरीवर उभा राहतो. म्हणून व्हीसीव्हीची शिफारस आहे की रीसेटनंतर १ मिलिसेकंदापर्यंत आलेले क्लॉक मोजू नयेत. तुम्ही ही शिफारस पाळली असेल तर लिहा. नसेल पाळली तर नक्कीच लिहा.

पाचव्या आउटपुटाचा भाजक चालू असताना बदलला तर नवा भाजक लगेच लागू होतो की चालू आवर्तन संपल्यावर? मंचावर वाजवणाऱ्यासाठी हा मॉड्यूलमधला सगळ्यात महत्त्वाचा तपशील असू शकतो. बहुतेक मॅन्युअलांत त्याचा उल्लेखही नसतो.

पायरी ४: नॉब, थोडक्यात

नॉबबद्दल चार गोष्टी पुरे: किमान, कमाल, मूळ स्थिती आणि एकक. ‘वेग वाढवतो’ हे वाक्य काढून टाका. फिरवण्याचं प्रमाण सरळ आहे की लॉगरिदमिक, ते सांगा. अटेन्युव्हर्टर (सिग्नल कमी किंवा उलटा करणारा नॉब) असेल तर मधे शून्य आणि डावीकडे उलटा, हे एकदाच प्रस्तावनेत सांगून टाका, दर मॉड्यूलला नको.

एक गोष्ट मात्र लांबवून लिहायला हवी: नॉब आणि सीव्ही यांची बेरीज मर्यादेत कापली जाते ती कुठे. आपल्या डिव्हायडरचा नॉब १६ वर आहे आणि सीव्हीही वरच्या दिशेने ढकलतंय, तर पुढे काहीच होत नाही. सीव्ही जोडलं पण फरक पडत नाही, असं वाटणाऱ्याला ‘नॉब मधे आणा’ हे वाक्य हवं असतं. शिवाय भाजक हा पूर्णांक आहे, मग किती व्होल्टला एक पायरी सरकते? ० ते १० व्होल्टमध्ये सोळा भाजक बसवलेत, की दर व्होल्टला एक? हे मोजून लिहा.

पायरी ५: स्वराशी संबंध असेल तर

क्वांटायझर (व्होल्टेज स्वरावर बसवणारं मॉड्यूल) किंवा ऑसिलेटर (स्वर निर्माण करणारं) लिहीत असाल तर ही पायरी तुमच्यासाठी. एक सप्तक १ व्होल्ट, त्यामुळे एक अर्धस्वर १/१२ व्होल्ट, म्हणजे सुमारे ०.०८३३ व्होल्ट. आपल्याकडचा वाचक पेटी जाणणारा असण्याची शक्यता बरीच, त्याला छोटासा तक्ता द्या: षड्ज पांढरी एक धरायचा तर ० व्होल्ट, काळी एक ०.०८३३, पांढरी दोन ०.१६६७, पांढरी चार ०.४१६७, काळी चार ०.६६६७. त्या आकड्याचं ऑफसेट लावलं की सगळा पॅच (मॉड्यूलं आणि केबलांची पूर्ण जोडणी) त्या पट्टीत सरकतो. एवढ्या तक्त्यावर कितीतरी लोक पहिल्याच दिवशी स्वरात येतील.

पुढचा प्रश्न नाजूक आहे. क्वांटायझर स्वरांना बारा समान भागांच्या सप्तकात बसवतो का? मग शुद्ध गंधार ०.३३३३ व्होल्टला पडतो. तानपुऱ्याशी जुळणारा, षड्जाच्या ५/४ प्रमाणातला गंधार ०.३२१९ व्होल्टला असतो. पांढरी एकच्या मध्य सप्तकात पहिला ३२९.६३ हर्ट्झ, दुसरा ३२७.०३. अडीच हर्ट्झहून जास्त फरक, म्हणजे तानपुऱ्याच्या नमुन्यावर वाजवलं की डोल ऐकू येणारच. तुमच्या मॉड्यूलमध्ये दुसरी स्वरव्यवस्था भरता येत असेल तर फाइलचा नमुना द्या. येत नसेल तर ‘फक्त बारा समान अर्धस्वर’ असं पहिल्या परिच्छेदात सांगा. डाउनलोड करून, पॅच जोडून मग कळण्यापेक्षा हे बरं. जवळचा स्वर निवडताना वरचा घेतो, खालचा घेतो की सगळ्यात जवळचा, हेही तिथेच.

पायरी ६: पॅनेलवर न दिसणाऱ्या गोष्टी

उजवं क्लिक केल्यावर उघडणाऱ्या मेनूत लोक वाट्टेल ते लपवतात. तिथला प्रत्येक पर्याय मॅन्युअलमध्ये हवा, आणि त्याची मूळ स्थितीही हवी. कारण असा पर्याय बदललेला पॅच मित्राला पाठवला की त्याला पडद्यावर तेच पॅनेल दिसतं आणि ऐकू वेगळंच येतं.

एकाच नॉबला अनेक कामं दिली असतील तर आणखी सावध व्हा. म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सच्या एमिली जिले यांनी बनवलेल्या क्लाउड्स या हार्डवेअर मॉड्यूलमध्ये ब्लेंड नावाचा एक नॉब चार कामं करतो: मूळ आणि प्रक्रिया झालेल्या आवाजाचं मिश्रण, स्टिरिओ फैलाव, फीडबॅक आणि रिव्हर्ब. कोणतं काम चालू आहे ते एका बटणावर ठरतं. अशा रचनेचं मॅन्युअल ‘नॉब म्हणजे हे’ या पद्धतीने लिहिताच येत नाही. सध्या कोणत्या अवस्थेत आहोत हे ओळखायचं कसं, दुसरीत जायचं कसं, आणि आधीची किंमत मागे लक्षात राहते का, या क्रमाने लिहावं लागतं. त्या कंपनीची मॅन्युअलं वाचण्यासारखी आहेत. मोजक्या शब्दांत हे सगळं कसं बसवायचं ते तिथे दिसतं. तिच्या मॉड्यूलांचा कोड खुला असल्याने त्यांतली अनेक ऑडिबल इन्स्ट्रुमेंट्स या नावाने रॅकमध्येही आली आहेत, म्हणजे मॅन्युअलमधलं वाक्य आणि मॉड्यूलचं वागणं शेजारी ठेवून ताडून पाहता येतं.

मग उरतात चार बारीक गोष्टी, ज्या विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. पॅच जतन केला की नॉबांखेरीज काय काय जतन होतं? सिक्वेन्सरची चालू पायरी, रेकॉर्ड केलेला बफर, रँडमचं बीज? इनिशियलाइझ केल्यावर हेही पुसलं जातं का? रँडमाइझ केल्यावर कोणते नॉब हलत नाहीत? आणि बायपास केल्यावर इनपुट सरळ आउटपुटाला जातं की शांतता पसरते? प्रत्येकाला एक ओळ पुरे.

पॉलिफोनी इथेच उरकू. रॅकच्या एका केबलमधून १६ पर्यंत चॅनेल जाऊ शकतात. बाहेर किती चॅनेल पडणार हे तुमच्या कोणत्या इनपुटावर ठरतं ते लिहा. मॉड्यूल मोनो असेल तर जास्तीच्या चॅनेलांचं काय होतं तेही लिहा. रॅकचा संकेत असा की निव्वळ ऑडिओच्या इनपुटावर सगळ्यांची बेरीज करावी, बाकी ठिकाणी पहिलं चॅनेल घ्यावं.

पायरी ७: उघडता येईल असा पॅच द्या

मॅक्स आणि प्युअर डेटा या ध्वनी-प्रोग्रामिंगच्या जुन्या वातावरणांनी ही गोष्ट फार पूर्वी शिकवून ठेवलीय. तिथे कोणत्याही ऑब्जेक्टची मदत उघडली की समोर जे येतं तोच एक चालता पॅच असतो. त्यातला नंबर बदलून पाहा, तुकडा उचलून आपल्या पॅचमध्ये चिकटवा. सुपरकोलायडर या ध्वनी-प्रोग्रामिंगच्याच भाषेत मदतीच्या पानांवरचा कोड जागच्या जागी चालवता येतो. बिटविगने ग्रिडमध्ये मॉड्यूलची मदत उघडली की त्या पानावरचे नॉबही खरे चालते ठेवलेत. वाचणं आणि करून पाहणं यांत खिडकी बदलावी लागत नाही.

रॅकमध्ये हुबेहूब असं नाही, पण जवळ जाता येतं. मॉड्यूलसोबत फॅक्टरी प्रीसेट देता येतात, ते मेनूत आपोआप दिसतात. निवडलेली मॉड्यूलं केबलसकट वेगळ्या फाइलमध्ये जतन करता येतात. असा तुकडा वाचकाला आपल्या चालू पॅचमध्येच आणून टाकता येतो. आणि रॅकच्या सोबत येणारं नोट्स नावाचं मॉड्यूल आहे, ज्यात नुसता मजकूर लिहिता येतो. तुमच्या नमुना पॅचमध्ये ते मांडा आणि ‘आधी हा नॉब फिरवा, मग ही केबल काढा’ हे तिथेच लिहा.

नमुना पॅच करताना दोन पथ्यं. पहिलं, तुमचं मॉड्यूल आणि रॅकसोबत येणारी मोफत मॉड्यूलं यांपलीकडे काही वापरू नका. वाचकाकडे नसलेलं एक रिव्हर्ब तुम्ही सवयीने घातलंत, तर पॅच उघडताना पहिलं काय दिसेल तर मॉड्यूल सापडत नसल्याची सूचना. दुसरं, एका पॅचमध्ये एकच गोष्ट दाखवा. तुमच्या कर्तृत्वाचा तीस मॉड्यूलांचा पॅच ऐकायला छान असेल, पण त्यात तुमचं मॉड्यूल काय करतंय ते शोधून सापडत नाही. असा पॅच वेगळा द्या, हवं तर शेवटी.

पॅच मजकुरातही लिहा, कारण मॅन्युअल फोनवर वाचणारेही असतात. चालणारी पद्धत अशी:

एलएफओ (२ हर्ट्झवर ठेवा), स्क्वेअर आउटपुट → डिव्हायडर, क्लॉक इनपुट
डिव्हायडर, ४ चं आउटपुट → एडीएसआर, गेट इनपुट
एडीएसआर, एन्व्हलोप आउटपुट → व्हीसीए (आवाज कमी-जास्त करणारं), सीव्ही इनपुट
व्हीसीओ (ऑसिलेटर), साइन आउटपुट → व्हीसीए, सिग्नल इनपुट
व्हीसीए, आउटपुट → ऑडिओ, पहिलं इनपुट
काय ऐकू यायला हवं: दर दोन सेकंदांनी एक स्वर.

शेवटची ओळ कधीही गाळू नका. पॅच बरोबर जोडला गेला की नाही हे वाचकाला ठरवता येतं ते तिच्यावरूनच. ती नसेल तर तो शांततेत बसून राहतो, हेच अपेक्षित आहे की आपलं चुकलं या विचारात.

व्हिडिओबद्दल एवढंच: आवाज दाखवायला उत्तम, पण चाळीस मिनिटांच्या व्हिडिओत ट्रिगर कितव्या व्होल्टला लागतो ते शोधता येत नाही. व्हिडिओ मॅन्युअलच्या जागी ठेवू नका, सोबत ठेवा.

पायरी ८: मजकूर कुठे ठेवायचा

तुमचं मॅन्युअल कुणी पहिल्या पानापासून वाचणार नाही. माणूस पॅच जोडता जोडता अडतो आणि त्याच क्षणी उत्तर शोधतो. म्हणून मजकूर तीन थरांत वाटा.

पहिला थर टूलटिप. कोडमध्ये प्रत्येक नॉबला, इनपुटाला आणि आउटपुटाला नाव आणि वर्णन देता येतं. स्विचच्या प्रत्येक स्थितीलाही नाव देता येतं. एकक आणि गुणक नीट भरले तर टूलटिप ०.३७ असा निरर्थक आकडा न दाखवता ‘२४० मिलिसेकंद’ दाखवते. निम्म्या प्रश्नांना इथेच उत्तर मिळतं. पॅनेलवर एक नाव, टूलटिपमध्ये दुसरं आणि मॅन्युअलमध्ये तिसरं, असं मात्र होऊ देऊ नका. पॅनेलवर जे छापलंय तेच सगळीकडे.

दुसरा थर मॉड्यूल ब्राउझरमधली ओळ. ती प्लगिनच्या (मॉड्यूलांच्या संचाच्या) मॅनिफेस्ट, म्हणजे माहिती नोंदवणाऱ्या, फाइलमध्ये लिहायची असते. ‘तुमच्या संगीताला नवी दिशा देणारं’ असलं काही तिथे नको. ‘क्लॉक डिव्हायडर, पाच आउटपुटं, एकाचा भाजक सीव्हीने बदलता येतो’ एवढं लिहा. टॅग ठरलेल्या यादीतूनच निवडावे लागतात. पॉलिफोनिकचा टॅग खरोखर पॉलिफोनिक असेल तरच.

तिसरा थर पूर्ण मॅन्युअल. त्याचा पत्ता मॅनिफेस्टमध्ये दिला की मॉड्यूलच्या उजव्या क्लिकच्या मेनूतून ते थेट उघडतं. हा पत्ता प्लगिनला एक देता येतो आणि प्रत्येक मॉड्यूलला स्वतंत्रही देता येतो. स्वतंत्रच द्या. वीस मॉड्यूलांच्या एका लांबलचक पानाच्या माथ्यावर नेऊन सोडणं म्हणजे उत्तर न देणंच. पानाची मांडणी कशी करावी यावर डोकं शिणवायची गरज नाही: डोएप्फर या कंपनीच्या ए-१०० या मॉड्यूल मालिकेच्या मॅन्युअलांचा जुना साचा आजही चालतो. आधी थोडक्यात ओळख, मग क्रमांक घातलेलं पॅनेलचं चित्र, मग नियंत्रणं, मग इनपुट-आउटपुट, मग वापराची उदाहरणं. माझी एकच सुधारणा: इनपुट-आउटपुट नियंत्रणांच्या आधी आणा. चित्रातल्या क्रमांकांची यादी चित्राबाहेर मजकुरातही ठेवा, म्हणजे शोधता येते आणि स्क्रीन रीडरलाही वाचता येते.

पायरी ९: दुसऱ्याच्या हातात द्या

मॉड्युलर येणाऱ्या पण तुमचं मॉड्यूल न पाहिलेल्या एकाला बसवा. मॅन्युअल द्या, एक काम सांगा: ‘दर तिसऱ्या ठोक्याला स्नेअर वाजव, आणि बटण दाबलं की पुन्हा पहिल्यापासून.’ आणि गप्प बसा. हेच सगळ्यात अवघड. तो अडेल तिथे तुमच्या तोंडावर आलेलं वाक्य बोलू नका, लिहून घ्या. ते वाक्य मॅन्युअलमध्ये नाही, म्हणूनच तुमच्या तोंडावर आलं. तो कोणत्या शब्दाने शोधतो तेही टिपा. तो ‘गेट लेंग्थ’ शोधत असेल आणि तुम्ही ‘पल्स विड्थ’ लिहिलं असेल, तर शीर्षकात दोन्ही घाला.

मॉड्युलर अजिबात न येणारा माणूस या परीक्षेला उपयोगाचा नाही. व्हीसीए म्हणजे काय हे तुमच्या डिव्हायडरच्या मॅन्युअलने शिकवायचं नसतं.

पायरी १०: आवृत्ती बदलते तेव्हा

रॅकमध्ये मॉड्यूलची ओळख त्याच्या स्लगवरून, म्हणजे आतल्या ओळखनावावरून, पटते. तो एकदा ठरला की बदलायचा नाही, नाहीतर जुन्या पॅचमधून मॉड्यूल गायब होतं. पॅनेलवरचं नाव बदलता येतं. बदललंत तर जुनं नाव मॅन्युअलमध्ये महिनोन्महिने ठेवा, लोक त्याच नावाने शोधत येतात. प्लगिनच्या आवृत्तीचा पहिला आकडा रॅकच्या मुख्य आवृत्तीशी जुळावा लागतो. त्यामुळे तुमच्या बाजूने केवढाही मोठा बदल झाला तरी तो पहिल्या आकड्यात दिसत नाही, आणि बदलांची नोंद नीट ठेवण्याला पर्याय उरत नाही.

ती नोंद वापरणाऱ्याच्या बाजूने लिहा. ‘मोजणीचं लॉजिक सुधारलं’ असं लिहून कुणाला काहीच कळत नाही. ‘२.३ पासून ४ चं आउटपुट चौथ्याऐवजी पहिल्या ठोक्याला वाजतं. जुने पॅच आधीसारखेच वाजतील, कारण त्यांत मेनूमधला जुनी मोजणी हा पर्याय आपोआप चालू राहतो. नव्या पॅचमध्ये तो बंद असतो’ असं लिहिलं, तर दोन वर्षांपूर्वीचा पॅच मैफिलीच्या आदल्या रात्री उघडणाऱ्याला कुठे पाहायचं ते कळतं. आणि २.२ चं मॅन्युअल काढून टाकू नका. प्रत्येक पानावर ते कोणत्या आवृत्तीचं आहे ते छापा आणि जुनी पानं आपापल्या जागी राहू द्या; सगळेच वापरणारे अपडेट करत नाहीत.